एवढी टाकी होऊ दे

या, असे जवळ सरकून बसा. दार लोटून घ्या, बाहेरचा गलका नको. एका माणसाची गोष्ट सांगायची आहे आणि ती मोठ्याने सांगण्यासारखी नाही. तिच्यात राजा नाही, चोर नाही, कुणाचा खून नाही. मुठीत मावेल एवढं एक इंजिन आहे, दोन भाऊ आहेत, आणि एक वाक्य आहे, जे एका भावाच्या तोंडून सहज निघून गेलं आणि मग त्याच्याच घरात येऊन राहिलं. ऐका, आणि ऐकताना त्याच्यावर रागावायची घाई करू नका. देव ती घाई करत नाही, आपण कशाला करायची.

सुटीची सकाळ होती. धाकट्याने कपाटावरचं खोकं खाली काढलं. त्याला सगळे धाकटाच म्हणत, ज्या चष्म्याच्या दुकानात तो मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचा, त्या दुकानाचा मालकसुद्धा. त्याने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि खोक्यातली गाडी त्यावर ठेवली. मुलांच्या खेळण्यातली असते तशी ती नव्हती. हातभर लांब, खऱ्या इंधनावर पळणारी, रिमोटने वळणारी, आणि सुटली की मांजर काय नि मोठी माणसं काय, सगळ्यांनी जागा सोडावी अशी. वरचं रंगीत कवच उचलताच एरंडेलाचा वास आला. त्या इंधनातच एरंडेल असतं. इंजिनाच्या पत्र्यांवर ते मधासारखं वाळून बसलं होतं. धाकट्याने श्वास धरला. आजाऱ्याच्या खोलीत शिरताना धरावा तसा. मग वाकून त्याने इंजिनाच्या पोटाशी असलेल्या चाकाकडे बघितलं आणि तो तसाच वाकलेला राहिला.

त्याने काय बघितलं ते कळायला थोडं इंजिनाबद्दल सांगायला हवं. नवं इंजिन भलतं घट्ट असतं. ते तसंच बनवलेलं असतं: नळकांडं वरच्या टोकाला किंचित निमुळतं, म्हणजे तापून फुगलं की बरोबर मापात यावं. म्हणून त्याला गारठलेलं असताना ओढायचं नाही, आधी ऊब द्यायची. पहिल्या काही टाक्या हळू, भरपूर इंधन पाजून चालवायच्या, मग कुठे ते मोकळं होतं. आणि प्रत्येक टाकीनंतर, बंद केल्या केल्या, गरम असतानाच ते खालचं जड चाक, त्याला फ्लायव्हील म्हणतात, अंगठ्याने फिरवून आतला पिस्टन खाली आणून ठेवायचा. ते राहून गेलं तर नळकांडं थंड होता होता पिस्टनला वरच्या टोकाशी आवळून धरतं आणि मग सोडता सोडत नाही. पिस्टन कुठे आहे ते बाहेरून कळावं म्हणून दादाने, म्हणजे धाकट्याच्या मोठ्या भावाने, चाकाच्या कडेला वहिनीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. ठिपका खाली, तर पिस्टन खाली.

ठिपका खाली होता. नेमका खाली, टेबलाकडे तोंड करून.

इंजिन आपलं आपण बंद पडतं तेव्हा ते तसं थांबत नाही. कुणीतरी अंगठा लावून आणून ठेवावं लागतं. धाकट्याने चाकाला बोट लावून बघितलं, तर ते फिरलं; महिनोन् महिने कपाटावर पडलेलं इंजिन, वरच्या टोकाशी जरासं अडखळलं, मग लोण्यातून सुरी जावी तसं पुढे गेलं. आणि धाकट्याला वाटलं, हे अडकलेलं असतं तर किती बरं झालं असतं. कारण इतके दिवस तो त्याच्याच भरवशावर झोपत आला होता. त्या दिवशी दादा कोसळला तेव्हा मी हातातलं सगळं टाकून धावलो, असं तो सगळ्यांना सांगत आला होता, दवाखान्यात, वहिनीला, दुकानात, आणि पडल्या पडल्या छताला. सगळं टाकून धावलो, म्हणजे इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे ते वरच्या टोकाशी अडकलं असणार. अडकलेलं इंजिन हीच काय ती आपली साक्ष. खोकं मुद्दाम उघडलं नव्हतं. साक्ष फिरली तर, अशी भीती कुठेतरी असल्याशिवाय माणूस खोकं इतक्या उंचावर ठेवत नाही. आणि आता साक्ष फिरली होती. तो आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिला. भिंगांची धार लागून लागून त्याचं कातडं चामड्यासारखं झालेलं. म्हणजे दादा जमिनीवर असताना हा अंगठा आधी इंजिनाकडे गेला होता. डोकं विसरलं, अंगठ्याने काम केलं. सवयीने. आणि सवयीने केलं म्हणून ते केलं नाही असं थोडंच होतं.

दोघं भाऊ ज्या गोदामाच्या आवारात गाडी चालवायचे, त्याच्या राखणदाराला धाकट्याने फोन लावला, कारण गाडी त्या दिवशी त्यानेच उचलून ठेवली होती. आधी इकडचं तिकडचं झालं, भावाला कसं आहे, पाय टाकतात का, वगैरे. मग धाकट्याने विचारलं, तुम्ही त्या गाडीचं चाकबिक काही फिरवलं होतंत का. राखणदार म्हणाला, मी कशाला फिरवतोय, मी ती दोन बोटांनी धरून खोक्यात टाकली, तो वास माझ्या जेवणाच्या डब्याला दोन दिवस येत होता. धाकटा बरं म्हणाला आणि फोन ठेवला, आणि 'बरं' हा शब्द आपण उच्चारला हे लक्षात येऊन त्याला आणखीच कसंतरी झालं.

कारण तो शब्द आता दादाचा होता. दादाजवळ तेवढा एकच उरला होता. उजवं अंग गेलं तशी वाचाही गेली, आणि जाता जाता, रिकाम्या घरात एखादी खुर्ची मागे राहावी तसा हा एक शब्द राहिला. भूक लागली, बरं. उशी उंच हवी, बरं. नको, दुखतंय, कोण आलंय, सगळ्याला बरं. वहिनी त्यातला फरक ओळखायला शिकली होती, मान आणि भुवई बघून. आदल्या दिवशी तिचाच फोन आला होता. तिचं घराच्या पुढच्या खोलीत केस कापायचं, धुवायचं छोटंसं पार्लर. मागे कुणाच्या तरी डोक्यावर ड्रायर घोंघावत होता आणि त्यावरून ती बोलत होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की त्यांना आवडीचं काही द्या, हात आपोआप शोधेल. "त्यांनी भिंतीवरचा तुमच्या दोघांचा गाडीबरोबरचा फोटो डाव्या हाताने काढून मांडीवर घेतलाय आणि सोडत नाहीत. भाऊजी, ते इंजिन अर्धवट राहिलंय ना? घेऊन या. वासाने माझी गिऱ्हाइकं पळाली तरी चालतील."

खरं तर तिची गिऱ्हाइकं पूर्वीही पळायची. नवं इंजिन आलं की दादा पार्लरमधला एक ड्रायर पळवायचा, इंजिनाला ऊब द्यायला. वहिनी म्हणायची, माझ्या बायकांना वाटतं मी त्यांच्या डोक्याला एरंडेल चोळते, एक दिवस कुणाचे तरी केस रिमोटने वळतील. दादा हसायचा आणि ड्रायर घेऊन जायचाच. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या माथ्यावरच्या ग्रीस माखलेल्या खोल्यांत त्याचं निम्मं आयुष्य गेलं. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली की दाराच्या फटीला तोंड लावून आतल्यांशी बोलत राहणं हाही त्याच्या कामाचा भाग. तो म्हणे, लिफ्ट सुटते रे लवकर, माणूस सुटायला वेळ लागतो. म्हणून आधी बोलायचं, मग पाना हातात घ्यायचा. एकदा एक म्हातारी आत अडकली होती, ती दाराबाहेर आली तेव्हा तिला दादाच्या घरचं सगळं माहीत झालेलं होतं, धाकट्याचं लग्न का होत नाही इथपर्यंत. हे आठवून धाकट्याला हसू आलं आणि ते अर्ध्यावर थांबलं. आधी बोलायचं, मग पाना. आपण उलटं केलं. आपण आधी, काय केलं आपण आधी?

तो दिवस त्याच्यापुढे नेहमी एकाच जागेपासून सुरू व्हायचा: गोदामाच्या मागचं फरसबंद आवार, राखणदाराच्या खिडकीतून ओढलेली लांब वायर, तिच्या टोकाला ड्रायर, आणि दादा उकिडवा बसून इंजिनाला ऊब देतोय, तळव्यावर घेतलेल्या पाखराला द्यावी तशी. पहिली टाकी त्यांनी चाकं अधांतरी ठेवून, जागच्या जागी जाळली. पांढरा, दाट धूर, आणि नळीतून ठिबकणारं तेल. सगळं कसं व्हायला हवं तसं. दुसऱ्या टाकीला गाडी जमिनीवर उतरवली. रिमोट दादाच्या हातात. हात स्वच्छ पुसल्याशिवाय तो रिमोटला शिवत नसे. धाकटा इंजिनाचा आवाज ऐकत, इंधनाचा स्क्रू अर्धा केस इकडे, अर्धा केस तिकडे करायला गाडीमागून वाकून चालतोय. गाडी एकदा डावीकडे भरकटली, भिंतीला घासली. धाकटा म्हणाला, लिफ्टवाल्याला आडवं चालवता येत नाही हेच खरं. दादा काही बोलला नाही. एरवी तो उलट उत्तर दिल्याशिवाय राहिला नसता. मग पुन्हा एकदा भरकटली. आणि मग दादा म्हणाला, "धाकट्या, हाताला मुंग्या आल्यात रे. जरा बसतो."

इथे धाकटा नेहमी थांबे. भिंग घासताना एखादा ओरखडा उमटतो, तो निघावा म्हणून पुन्हा घासावं, आणि भिंग पातळ होत जावं पण ओरखडा तिथेच, तसं त्या क्षणाचं झालं होतं. कारण त्याचं स्वतःचं उत्तर त्याला शब्द न् शब्द पाठ होतं. तो म्हणाला होता, "एवढी टाकी होऊ दे, मग बस. मध्येच बंद केलं तर पुन्हा तापवत बसावं लागेल." नियम दादाचाच होता, पहिल्या टाक्या मध्येच तोडायच्या नाहीत. दादाने मान हलवली. तो उभा राहिला. किंचित हसल्यासारखा, एका बाजूने. आणि धाकटा त्यावर म्हणाला, "आता तोंड वाकडं करू नकोस." हे वाक्य त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. देवापुढे हात जोडले की सगळं बोलायचा, हे वाक्य आलं की हात सुटायचे. गाडी फेऱ्या घालत राहिली, वेड्यावाकड्या, आणि धाकटा तिच्याकडे बघत राहिला, भावाकडे नाही. टाकी तळाला आली. दादाने गाडी कशीबशी पायाशी आणली. धाकट्याने धुराड्यावर फडकं दाबून इंजिन बंद केलं, वर बघितलं, तर दादा खाली बसलेला, गाडीला खेटून, आणि रिमोट दूर पडलेला. पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांत. फडकं पडलं. आपण राखणदाराच्या खोलीकडे धावलो. त्याचा फोन, त्याच्या ओळखीची गाडी. परत आलो तेव्हा दादा उजव्या कुशीवर कलंडला होता आणि डावा हात पुढे टाकलेला. दवाखान्यात नर्सने त्याच्या बोटाला चिमटा लावायला डावा हात उचलला तर अंगठ्यावर काळं तेल होतं. कापसाने पुसून पुसून ते निघेना, तेव्हा ती करवादून म्हणाली, हे कसलं चिकट काम करतात हे. फडकं पडण्याच्या आणि धावण्याच्या मध्ये काहीच नव्हतं, असं धाकट्याला इतके दिवस वाटत होतं. आता तिथे एक चाक फिरत होतं.

आणि मग तो दवाखान्याचा बोळ. डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणलं असतं तर कदाचित बोलणं वाचलं असतं. आरोप करून नाही, नुसतं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. त्यावर वहिनीच उसळली. रडून डोळे सुजलेले, तरी ताठ उभी राहून म्हणाली, माझ्या भाऊजींनी क्षण दवडला नाही डॉक्टर, ते होते म्हणून हे तुमच्यापर्यंत जिवंत पोचले. धाकट्याने काही खोटं सांगितलं नव्हतं, तो फक्त गप्प बसला, आणि ते गप्प बसणं मग रोज थोडं थोडं मोठं होत गेलं. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. केस कापता कापता आरशातल्या बाईला सांगायची. सख्खा भाऊ असावा तर असा. ती बाई आरशातून वळून धाकट्याकडे बघायची आणि त्याला वाटायचं, उठावं आणि दिवा घालवावा. या घरात आपल्याला जेवायला वाढतात, दाराची किल्ली देतात, ती त्या एका गप्प बसण्याच्या जिवावर. बोललो तर हे दार बंद होणार. आणि या दारापलीकडे त्याला तसं कुणीच नव्हतं.

खोकं मांडीवर घेऊन तो निघाला. वाटेत एकदा परतावंसंही वाटलं. इंजिन अडकलंय, वहिनी, चालत नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं. पण खोटं बोलायची ती जागासुद्धा त्या लाल ठिपक्याने बंद करून टाकली होती; ठिपका खाली बघून दादाला कळलंच असतं.

वहिनीने दादाला मागच्या अंगणात आणून ठेवलं होतं, खुर्चीत, उजव्या हाताखाली उशी देऊन. केस तिनेच कापलेले, भांग चापूनचोपून. धाकट्याने गाडी खुर्चीपुढच्या बुटक्या बाकावर ठेवली तेव्हा दादाच्या नाकपुड्या हलल्या. तो म्हणाला, बरं, आणि त्या बरंमध्ये उशीर केलास हे स्पष्ट होतं. वहिनीने ड्रायर आणून दिला आणि टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभी राहिली. आत एक बाई डोक्याला रंग लावून बसलीय म्हणाली, पण जाईना.

धाकट्याने ऊब द्यायला सुरुवात केली. दुकानात तो रोज हेच करी. प्लॅस्टिकची फ्रेम तापवल्याशिवाय भिंग बसत नाही, जोर केला तर फ्रेम तडकते, हे त्याचे हात झोपेतही जाणत. पण आज हात त्याचे नव्हते. नीट तापायच्या आधीच त्याने प्लगला बॅटरी लावली आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढली. दोरी मध्येच गच्च थांबली, मनगटाला झटका बसला. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. इंधन आत जास्त गेलं होतं. त्याने प्लग काढला, गाडी उलटी केली, दोरी सैल ओढून आतलं इंधन बाहेर उडवलं, ते थोडं वहिनीच्या टॉवेलवर, थोडं दादाच्या पायावर. दादा बरं म्हणाला. ते शिवीसारखं होतं. मग त्याने डावा हात पुढे केला आणि बोटं हलवली, आण इकडे. धाकट्याने ड्रायर त्याच्या हातात दिला. दादाने तो इंजिनापासून हातभर लांब धरला, मग हळू जवळ, मग गोल गोल, डोक्यावर, कुशीला, पुन्हा डोक्यावर. त्याच्या हाताला घाई नव्हती. दारातून वहिनी म्हणाली, माझ्या दुकानात ठेवून घेते यांना. दादाचं तोंड एका बाजूने हललं. धाकट्याने मान खाली घातली.

पुन्हा दोरी, आखूड आखूड, पूर्ण न ओढता. एकदा खोकलं. दुसऱ्यांदा पेटलं. घुमत्या, जाड आवाजाने अंगण भरून गेलं, पांढरा धूर निघाला, आतल्या बाईने काय जळतंय म्हणून विचारलं, वहिनी म्हणाली, काही नाही, आमच्या यांना बरं वाटतंय. दादा पुढे झुकून ऐकत होता. बोलणं समजून घेताना त्याचा चेहरा अलीकडे चाचपडल्यासारखा व्हायचा. इथे त्याला काही समजून घ्यावं लागत नव्हतं. आवाज जरा कोरडा झाला तशी त्याची भुवई वर गेली, धाकट्याने स्क्रू किंचित सोडला, भुवई खाली आली. असे दोघं बोलत राहिले. धाकट्याला क्षणभर विसरायला झालं. आपण आवारात आहोत, वायर खिडकीतून आली आहे, सगळं अजून व्हायचं आहे, आणि दादा आता म्हणेल, जरा बसतो, आणि आपण म्हणू, बस रे, बस, इंजिन गेलं खड्ड्यात. त्याने वर बघितलं.

दादाची मान एका बाजूला कलली होती. डोळे मिटलेले. ओठ वाकडा.

धाकट्याने काय केलं ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. त्याने धुराड्यावर उघडा तळहातच दाबला, इंजिन गुदमरून बंद पडलं, हात भाजला, बाक लाथेने सरकला आणि तो खुर्चीपुढे गुडघ्यांवर होता, दादाचं तोंड दोन्ही हातांत धरून, दादा, काय होतंय, दादा, बघ माझ्याकडे. वहिनी धावत आली. दादाने डोळे उघडले. त्याला काही झालं नव्हतं. धूर आत ओढून घेत, एरंडेलाचा तो वास घेत, आवाजात बुडून तो डोळे मिटून बसला होता, सुखाने. आणि ओठ तर आता वाकडाच असतो. त्याने चिडून धाकट्याचे हात तोंडावरून झटकले. त्याला खांद्याने बाजूला सारलं, जड अंग मोठ्या कष्टाने खुर्चीतून पुढे ओणवं केलं, वहिनीने पाठीमागून सदरा धरून ठेवला, आणि डावा हात तापल्या गाडीपर्यंत पोचवून त्याने अंगठा फ्लायव्हीलवर टेकवला. चाक फिरवलं. लाल ठिपका वर आला, पुढे गेला, खाली गेला. खाली पोचल्यावर दादाने अंगठा उचलला, मागे टेकला आणि धापा टाकत म्हणाला, बरं.

त्याच्या अंगठ्यावर काळं तेल लागलं होतं. तसंच, त्याच जागी.

धाकटा त्या अंगठ्याकडे बघत राहिला. कापसाने न निघणारं काळं, नर्सचं करवादणं, गाडीच्या दिशेने पडलेला डावा हात, हे सगळं एकामागोमाग एक येऊन जागेवर बसलं, भिंग फ्रेमच्या खाचेत बसतं तसं. तो राखणदाराकडे धावला तेव्हा दादा तिथे एकटा होता. अर्धं अंग बंद होत चाललेलं, जीभ गेलेली. आणि उरलेल्या हाताने त्याने तेवढं केलं. पहिल्यांदा धाकट्याच्या छातीत एकदम हलकं झालं, मी नव्हतो, माझा अंगठा नव्हता. आणि ते हलकं होणं पुरतं व्हायच्या आत त्याला आपली अशी लाज वाटली की तो तिथेच जमिनीवर बसला. ठिपक्याचं काय घेऊन बसलास. ठिपका तुझा नव्हता, वाक्य तर तुझं होतं. इंजिन वाया जाऊ नये हे ज्याच्यासाठी एवढं महत्त्वाचं होतं, तो तूच होतास, म्हणून त्याने मरता मरता तुझं इंजिन वाचवलं असेल तर? की इंजिन जीव लावून आणलं होतं म्हणून? की नुसती सवय? विचारलं तर उत्तर एकच येणार होतं, आणि ते ओळखायला तो वहिनीसारखा शिकला नव्हता.

वहिनी दादाचा अंगठा टॉवेलने पुसत होती. तिने हसतच म्हटलं, भाऊजी, तुम्हीपण काय, किती घाबरलात, त्या दिवशीही अस्सेच धावला असाल. त्यावर धाकटा बोलला. खाली बघत, इंजिनाशी बोलावं तसं.

"त्या दिवशी तो बसतो म्हणाला होता, वहिनी. हाताला मुंग्या आल्यात म्हणाला. मी बसू दिलं नाही. एवढी टाकी होऊ दे म्हणालो. त्याचं तोंड वाकडं झालं, तर वाकडं करू नकोस म्हणालो. टाकी संपेपर्यंत मी त्याला उभा ठेवला."

टॉवेल थांबला. आत ड्रायर कुणीतरी चालूच ठेवला होता, त्याचा आवाज येत राहिला. वहिनीने दादाचा हात उशीवर ठेवला, उशी सरळ केली, ती सरळच होती. अंगणातला ड्रायर उचलून त्याची वायर हाताभोवती गुंडाळू लागली, पूर्ण गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. धाकट्याला वाटलं, आता ती किल्ली मागेल. तो खिशात हात घालायलाही तयार होता.

"हे तेव्हा सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर या दारातून तुम्हाला आत घेतलं नसतं." तिचा आवाज चढला नव्हता. "डॉक्टरांना मी काय काय बोलले तुमच्यासाठी. बायाबायांना सांगत सुटले. आता त्या सगळ्यांना मी काय सांगू ते मला माहीत नाही. आज तुमच्याकडे बघवत नाहीये मला, खरं सांगते." ती आत गेली. बाईच्या डोक्यावर पाणी सोडल्याचा आवाज आला. धाकट्याने गाडी उचलून खोक्यात ठेवली. तो उठणार तोच ती पुन्हा दारात आली, हात ओले, कोपरापर्यंत रंग लागलेला. "उद्या दुकान सुटल्यावर या. त्यांना जिना चढवून बघायचाय, व्यायामाच्या बाई म्हणाल्यात. मला एकटीला पेलत नाहीत." आणि उत्तराची वाट न बघता परत गेली.

धाकटा खोकं हातात घेऊन उभा होता. इंजिनाची ऊब पुठ्ठ्यातून पोटाला लागत होती. त्याला माफी मागायची होती पण ती कुठून सुरू करतात ते कळेना. भाजलेला तळहात आता ठणकायला लागला होता. दादाने त्याच्याकडे बघितलं. मग डावा हात उचलून खुर्चीशेजारच्या पायरीवर दोनदा थोपटलं.

"बरं," तो म्हणाला.

धाकटा बसला.

झाली गोष्ट. पुढे वहिनी बोलू लागली की नाही, दादाला दुसरा शब्द सापडला की नाही, ते मला विचारू नका. दादाला जिना चढवायला धाकटा रोज जातो एवढं मला ठाऊक आहे. आता तुम्हीही उठाल, आपापल्या कामाला लागाल, कामं तर कुणाची संपत नाहीत. फक्त एवढं करा. हातातलं अर्धं असताना तुमच्या शेजारचं कुणी हळूच म्हणालं, की जरा बसतो, तर त्याच्या तोंडाकडे एकदा वळून बघा. आणि त्या दादाची आठवण ठेवा.